पारखीने ओळखलेला हात

जहाजाच्या पत्र्यावर हातोडी मारायची आणि कान द्यायचा, एवढंच काम मी एकतीस वर्षं केलं. लोकांना वाटायचं, त्यात काय मोठंसं. करून बघा म्हणावं. चांगला पत्रा टणकन बोलतो आणि त्याचं बोलणं जरा वेळ हवेत राहतं. रंगाखाली पाणी शिरलेला, गंजानं पातळ झालेला पत्रा थप् म्हणतो आणि गप्प होतो. या दोन आवाजांच्या मधे निदान चाळीस आवाज आहेत, आणि तिवरेबंदरच्या सुक्या गोदीत ते चाळीसही ओळखणारा माणूस एकच होता. तो मी, जनार्दन मेथर. गोदीत सगळे मेथरमामा म्हणत. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बढाईचे दिवस संपले.

सुकी गोदी म्हणजे समुद्राच्या कडेला खणलेला भलामोठा हौद. जहाज आत घ्यायचं, दार लावायचं, पाणी उपसायचं. मग ते एवढं धूड ठोकळ्यांवर उघडंबागडं उभं राहतं आणि त्याच्या अंगावरचं सगळं आपल्याला दिसतं. म्हणजे दिसतं असं वाटतं. जहाजाला चार-पाच थर रंग असतो, तो शोभेसाठी नसतो, ते त्याचं कातडं असतं. त्या कातड्याला टाचणीएवढं भोक पडलं तरी खारं पाणी आत जातं, रंग आणि लोखंड यांच्यामधे पसरतं आणि वर साधा फोडही येण्याआधी आतला पत्रा खाऊन टाकतं. डोळ्यांना कळतं तोवर उशीर झालेला असतो. पत्र्याची जाडी मोजायचं यंत्र पूर्वीपासून होतं, पण ते ठिपक्याएवढ्या जागेचं सांगतं. ते कुठे टेकवायचं, हे आधी कोणीतरी सांगावं लागतं. ते मी सांगत असे.

गोदीतल्या माणसाचे हात लपत नाहीत. थिनर, खारं पाणी आणि वाळूचा मारा यांनी तळहाताला भेगा पडतात, थंडीत त्यातून रक्त येतं. आमच्याकडे त्यावर एकच औषध, भिरंडेल. कोकमाच्या बियांचं तेल. नावाला तेल, पण निवलं की मेणासारखं घट्ट होतं आणि त्याचे मुठीएवढे गोळे करून ठेवतात. माझी बायको सुलभा दर मे महिन्यात बिया कुटून, उकळून वर्षाचे गोळे करायची. सकाळचा चहा झाला की मी गोळा चुलीच्या धगीला जरा धरायचो आणि दोन्ही तळहातांना चोळायचो. हे लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

सन २०३७ मध्ये कंपनीनं मृण्मयीला आमच्या गोदीत पाठवलं. मृण्मयी आवटी, सांगलीची. समुद्र तिनं पहिल्यांदा पाहिला तो मुलाखतीला आली तेव्हा. तिच्याबरोबर एक खोकं आलं, त्यात टोपलीएवढी गाडी होती. चुंबकाच्या चाकांवर ती पालीसारखी जहाजाच्या अंगावर चढायची. तिचं नाव मृण्मयीनंच ठेवलं होतं, पारखी.

पारखीच्या डोळ्याला आपल्याला दिसतात त्यापलीकडचे रंग दिसायचे. मृण्मयीनं मला जेवणाच्या सुट्टीत डब्याच्या झाकणावर बोटानं काढून समजावलं. प्रत्येक वस्तू उजेडातले काही रंग गिळते, काही परत पाठवते. कोरडा रंग एक गिळतो, ओला दुसरा, गंज तिसरा. आपल्याला जिथे नुसता तांबडा पत्रा दिसतो, तिथे पारखीला दोनशे रंगांची रांगोळी दिसते. मी विचारलं, मग यातला गंजाचा रंग कोणता हे तिला कोण शिकवणार? ती हसली. म्हणाली, कोणीच नाही. तिला दहा हजार चांगले पत्रे दाखवायचे, दहा हजार वाईट दाखवायचे आणि फरक तुझा तू शोध म्हणायचं. तिनं कोणता फरक शोधला ते ती सांगत नाही, आपल्याला फक्त उत्तर मिळतं.

आणि ते वीस हजार पत्रे चांगले की वाईट हे ठरवणार कोण? मेथरमामा.

तीन वर्षं आम्ही दोघं परांच्यांवर चढलो-उतरलो. मी हातोडी मारायचो, बरा किंवा वाईट म्हणायचो, ती पत्र्याचा नंबर टिपायची आणि मागून पारखी येऊन त्या पत्र्याचं चित्र घ्यायची. पहिल्याच आठवड्यात तिनं माझ्या हातातला खडू काढून घेतला. वाईट पत्र्यावर मी फुली मारत असे. ती म्हणाली, मामा, ही यंत्रं लबाड असतात, उद्या ती गंज सोडून फुलीच बघायला शिकेल. फळ्याच्या कोपऱ्यात उत्तर लिहिलेलं दिसलं तर मुलगा गणित कशाला करेल? मला पोरीचं फार कौतुक वाटलं. आधी घेतलेली फुल्यांची सगळी चित्रं तिनं फेकून दिली आणि आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली.

आता हाताचं सांगतो. मला हे काम इस्माईल मिस्त्रींनी शिकवलं. त्यांचा एक नेम होता. पत्र्याचा आवाज संशयाचा वाटला की डावा पंजा त्यावर सपाट टेकवायचा आणि पुन्हा हातोडी मारायची. चांगल्या पत्र्यातली थरथर हाताला येऊन भिडते, वाईट पत्र्यात ती वाटेतच मरते. आणि मिस्त्री म्हणायचे, आजाऱ्याला हात लावल्याशिवाय त्याचं दुखणं जाहीर करू नये. म्हणून मी वाईट म्हणायच्या आधी पंजा टेकवायचोच, एकही पत्रा चुकवला नाही. चांगल्याला हात लावायची गरजच नव्हती, टणकन वाजला की पुढे. तुम्ही जहाज कसं तपासता, असं मला कोणी विचारलं असतं तर मी हातोडी सांगितली असती, कान सांगितला असता. हात सांगितला नसता. जेवता कसे म्हटल्यावर तोंड उघडतो असं कोण सांगतं?

पारखीची परीक्षा मोठ्या थाटात झाली. तीन जहाजं आली. मी आधी तपासायचं, माझा निकाल पाकिटात घालून लाखेनं बंद करायचा, मग पारखीनं एकटीनं तपासायचं आणि दोन्ही निकाल सगळ्यांसमोर उघडायचे. शंभरात सत्त्याण्णव पत्रे जुळले. मुंबईहून आलेले साहेब उभे राहून टाळ्या वाजवत होते. पाकीट बंद होतं, पण माझा पंजा त्या तिन्ही जहाजांवर जागोजाग उमटलेला होता, आणि हे तिथल्या चाळीस माणसांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही.

दरम्यान मृण्मयी आमच्या घरची झाली. माझा मुलगा हृषीकेश व्यापारी जहाजावर इंजिनीअर. सुट्टीवर आला की गोदीत माझा डबा घेऊन यायचा, पुढे पुढे डबा नसला तरी यायचा. लग्न झालं त्या वर्षीच मी निवृत्त झालो. लोक विचारायचे, यंत्रानं तुमची जागा घेतली, वाईट वाटत नाही? मला खरंच वाटत नव्हतं. मला वाटायचं, माझे चाळीस आवाज आता मरणार नाहीत. सून घरात आणि कान यंत्रात, माणसाला आणखी काय हवं? एवढा गर्व मला उभ्या आयुष्यात कधी झाला नव्हता.

पुढची दोन वर्षं पारखी एकटी काम करू लागली. तिला वाईट पत्रे कमी सापडत. साहेब म्हणाले, आजकाल रंग चांगले येतात. जहाजमालक खूश होते, कारण नऊ दिवसांचं काम सहा तासांत होई. विमा कंपन्यांनी तर नियमच केला की पारखीनं लाल दाखवलेला पत्राच बदलायचा, माणसाच्या तोंडी सांगण्यावर नाही.

मग 'मेघवती' आली. तेवीस वर्षांचं जुनं जहाज, खनिजाची मालवाहू. हृषीची नेमणूक तिच्यावर झाली होती. पारखीनं तिला सकाळी हातात घेतलं आणि दुपारी चहापर्यंत सोडलं. सगळी हिरवी. फक्त शिडीजवळ तीन बारीक लाल ठिपके, ते दुरुस्त करून टाकले.

निघायच्या आदल्या दिवशी हृषी माझ्याजवळ येऊन बसला. मृण्मयी आत होती. तो हळूच म्हणाला, "बाबा, एकदा हातोडी मारून बघशात काय? माझ्या मनाक बरा वाटात."

मी हसलो. "अरे, पारखी म्हणजे मीच मां. माझ्याच हातान शिकली हा ती."

"तरी पण."

"तुज्या बायकोन केलेला यंत्र हा. मी मागसून जावन हातोडी मारलंय तर तिका काय वाटात?"

मी त्याला मृण्मयीचं नाव सांगितलं, पण खरं कारण ते नव्हतं. मला माझाच अपमान वाटला होता. माझा मुलगा माझ्या कानावर विश्वास ठेवत नाही असं मला वाटलं. हातोडी दारामागे खिळ्याला लटकलेली होती, हात लांब केला असता तर मिळाली असती. एक दुपार गेली असती. तेवढीच.

तो गेल्याला अठरा दिवस झाले होते. मृण्मयी डबा घरी विसरली म्हणून मी तो घेऊन गोदीत गेलो. एका जहाजाला नवा पत्रा बसवला होता, तीन दिवसांपूर्वी रंगवलेला, अगदी कोरा. जुन्या सवयीनं मी त्यावर हात टेकवून उभा राहिलो, हा नवा पत्रा कसा काय जमलाय ते बघावं म्हणून. थोड्या वेळानं पारखी त्या बाजूनं फिरत आली आणि तिनं भोंगा वाजवला. पारखी चालवणारा माणूस पडद्याकडे बघून हसायला लागला. मला म्हणाला, मामा, बघा गंमत, नव्याकोऱ्या पत्र्याला गंज लागला.

पडद्यावर लाल डाग होता. त्याला पाच बोटं होती.

मी तिथेच खाली बसलो. डबा सांडला. मग एकेक गोष्ट समोर येऊ लागली. इस्माईल मिस्त्री, त्यांचा नेम, सकाळचं भिरंडेल, मी वाईट ठरवलेला प्रत्येक पत्रा. शिडीजवळचे तीन ठिपके, जिथे चढता-उतरता कामगार हात टेकतात.

मृण्मयी धावत आली. मी तिला सांगितलं. गोदीच्या मागे भंगारात आम्ही कापून काढलेले जुने पत्रे पडले होते, चाळणी झालेले. त्यातला एक तिनं साबणानं घासून धुतला, वर पातळ रंगाचा हात मारला, वाळवला आणि पारखी त्यावर सोडली. पारखी शांतपणे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली आणि तिनं हिरवा दिवा दाखवला. मग मृण्मयीनं माझ्याकडे बघितलं. मी हात टेकवला. लाल.

तिनं ते पाच वेळा केलं. पाचही वेळा तेच. सगळं किती साधं होतं ते तिनं मला नंतर समजावलं. रंगाखालच्या गंजाची शंभर रूपं असतात, प्रत्येक पत्र्याचं वेगळं. पण त्या सगळ्या वाईट पत्र्यांवर एक गोष्ट मात्र सारखी होती, कोकमाच्या तेलाचा पातळसा थर. आपल्या डोळ्यांना तो दिसत नाही, पारखीच्या दोनशे रंगांत तो लख्ख दिसतो, आणि पाण्यानं धुतला तरी जात नाही. शंभर गोष्टी शिकायच्या की एक? ती एकच शिकली. गंज तिनं कधी बघितलाच नव्हता.

"बाबा, खडू मला दिसला होता," मृण्मयी म्हणाली. "हात कसा नाही दिसला?"

मला वाटलं ती मला दोष देईल. तिनं दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, निदान आमच्यापैकी एकाला तरी हलकं वाटलं असतं.

त्या वेळी 'मेघवती' दक्षिणेकडे भर समुद्रात होती, सगळ्यात जवळचं बंदर नऊ दिवसांवर. मृण्मयीनं कंपनीला कळवलं. कंपनीनं उत्तर दिलं की चौकशी करू, तोवर कोणाला घाबरवू नका. मग आम्ही थेट हृषीला गाठलं. मी त्याला सांगितलं की बाजूच्या रिकाम्या टाकीत उतर, पाना घे, एका फासळीपासून दुसरीपर्यंत पत्र्यावर ठोके मार आणि आवाज फोनमध्ये भरून पाठव. का ते त्यानं विचारलं नाही. तीन तासांनी आवाज आला.

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी दुपारी आम्ही तिघं बसलो होतो. मी फोन कानाला लावला. सुलभा आणि मृण्मयी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. चाळीस ठोके होते. सोळाव्यापर्यंत पत्रा बोलत होता, तक्रारीच्या सुरात का होईना, पण बोलत होता. सतराव्या ठोक्याला थप् झालं. अठराव्याला थप्. मी डोळे मिटले आणि चाळीसपर्यंत ऐकलं. मधे मधे हृषीचा श्वास ऐकू येत होता, टाकीत हवा कमी असते. चाळीस झाल्यावर मी पुन्हा पहिल्यापासून ऐकलं. माझा कान चुकला असावा एवढंच मागणं मी देवाकडे मागितलं. कान चुकला नव्हता.

फोन लागला तेव्हा त्यानंच विचारलं, "आवाज कसो इलो, बाबा?"

"सतरापासून पुढे मुको हा. पंचवीस हात तरी लांब. कॅप्टनाक सांग, आत्ताच्या आत्ता जवळचा बंदर धरूक व्हया."

निघायच्या आदल्या दिवशी मी त्याला नाही म्हटलं होतं, ते त्यानं उच्चारलं नाही. तेवढी त्यानं माझ्यावर दया केली, आणि तीच मला आज सोसत नाही. मग तो म्हणाला, "मृण्मयीक सांगा, तिचा काय चुकला नाय." ती समोरच बसली होती. मी फोन तिच्याकडे दिला आणि बाहेर पडवीत जाऊन उभा राहिलो.

कॅप्टन भला माणूस होता. त्यानं वाट बदलण्याची परवानगी मागितली. मालकाच्या कचेरीनं पारखीचा निकाल उघडून बघितला, तो सगळा हिरवा होता. त्यांनी कळवलं, पान्याच्या आवाजावर जहाज वळवता येत नाही. कॅप्टननं त्याच्या अधिकारात जेवढं होतं तेवढं केलं, वेग कमी केला. मृण्मयी फोनवर एकेकाच्या पाया पडत होती. मी जुन्या ओळखी काढून बघितल्या. सगळे अदबीनं बोलले. मेथरमामा, तुमच्याच कानावर चालते ना पारखी, मग आता असं कसं म्हणता, असं एकानं मला समजावलंदेखील.

पाचव्या दिवशी तिकडे समुद्र खवळला. फार नाही. तिवरेबंदरचे मच्छीमार ज्याला जरा वारा आहे म्हणतात, त्याच्या थोडा वर. 'मेघवती'ची बाजू उभी फाटली. एकवीस माणसांपैकी चौदा जिवंत सापडली. हृषी इंजिनाच्या खोलीत होता.

यापुढे घरात काय झालं ते मी सांगणार नाही. सुलभानं त्या मे महिन्यात बिया कुटल्या नाहीत, एवढंच.

चौकशीत कारण निघालं, खराब हवामान. मृण्मयीनं चाळीस पानांचा अहवाल दिला. त्यावर कंपनीचं म्हणणं असं की तेलकट हात लागला तर पारखी उगाच लाल दाखवते, हे बरोबर आहे. पण त्याचा अर्थ ती जरुरीपेक्षा जास्त सावध आहे. ती गंजाला आंधळी आहे हे दाखवायला तिनं पास केलेली जहाजं कापून बघावी लागली असती, आणि आपलं जहाज कापू देणारा मालक कुठे मिळणार? भंगारातला पत्रा त्यांनी पुरावा धरला नाही, तो म्हणे खऱ्या परिस्थितीतला नव्हता. एक खरा पुरावा होता, तो दोन मैल पाण्याखाली पडला आहे.

अहवालाचा एकच परिणाम झाला. पारखी चढण्याआधी पत्र्यांवरचे तेलाचे डाग पुसायला एक माणूस नेमायचं ठरलं. मृण्मयीनं राजीनामा दिला आणि ती सांगलीला गेली. तेल पुसायची नोकरी मी मागितली. साहेबांना वाईट वाटत होतं, त्यांनी लगेच दिली. म्हातारा मुलाच्या दुःखात घरी बसून वेडा होईल, त्यापेक्षा इथे फिरलेला बरा, असं ते कोणाला तरी म्हणाले.

मी एका हातात चिंधी घेऊन परांच्यांवर चढतो. चिंधीत गुंडाळलेली हातोडी असते. यंत्रांच्या गोंगाटात हलक्या ठोक्याकडे कोणी बघत नाही. पत्रा बोलला तर पुढे जातो. थप् झालं तर डावा पंजा टेकवतो, आणि मग पारखीला तो पत्रा लाल दिसतो. सुलभानं जुने गोळे एका डब्यात ठेवले होते, ते मी तिला न विचारता घेतले. पहिल्या जहाजाचे अकरा पत्रे लाल निघाले. कापून काढले तेव्हा आतून पापडासारखे झाले होते, बोटानं मोडत होते. त्या जहाजावर सव्वीस माणसं होती. ती माणसं घरी जातील, असं मनात आलं आणि मी कोपऱ्यात जाऊन रडलो. हृषी गेल्यावर मला पहिल्यांदा जरा बरं वाटलं होतं.

एका वर्षात अशी चौदा जहाजं झाली. कोणाला सांगून उपयोग नव्हता, माणसाच्या शब्दावर पत्रा बदलायचा नाही हा नियम होताच. मी म्हटलं, नसेना का उपयोग. मी आहे तोवर तिवरेबंदरातून कुजलेलं जहाज बाहेर पडणार नाही.

परवा दुपारी मृण्मयीचा फोन आला. वर्षभरात ती चार वेळा बोलली असेल. यावेळी तिनं इकडचं तिकडचं काही विचारलं नाही. म्हणाली, बाबा, तुम्ही परत गोदीत जाता ना? हात लावता ना? मी हो म्हटलं.

"बंद करा," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं. कंपनी तिवरेबंदरचे आकडे घेऊन जगभर फिरते आहे. लाल दाखवलेले पत्रे कापले, शंभरातले नव्व्याण्णव खरोखर कुजलेले निघाले. कोणत्याच यंत्राचा असा निकाल कधी आला नव्हता. तिचा अहवाल आता हसण्यावारी नेतात. नऊ गोद्यांनी पारखी घेतली, आणखी बावीस घेणार आहेत. सगळीकडे हातोडीवाल्यांना घरी पाठवलं.

"तिथे तुमचा हात नाहीये, बाबा. तुमच्यामुळे ती खरी ठरतेय. तुम्ही थांबलात, इथून चार जहाजं तशीच गेली, तर कदाचित लोकांचे डोळे उघडतील."

"आणि त्या चार जहाजांतली माणसं?"

तिला उत्तर येत होतं, पण ते उच्चारायला तिला माझ्याएवढं म्हातारं व्हावं लागलं असतं. फोन तसाच चालू राहिला आणि मग बंद झाला.

आज गोदीत एक जहाज आलं आहे. वीस वर्षांचं, खनिजाचंच. मी पाण्याच्या रेषेखालच्या एकतिसाव्या पत्र्यापाशी उभा होतो. हलकेच ठोका मारला. थप्. पुन्हा मारला. थप्. वर कठड्याला कोणीतरी धुतलेला सदरा वाळत घातला होता, आणि आचारी पातेलं घासता घासता मोठ्यानं कोणाशी तरी फोनवर बोलत होता. भाषा कळली नाही. घरीच बोलत असणार, माणूस घरी बोलताना तसाच बोलतो.

मृण्मयीचं गणित मला कळतं. शिकलेली पोर आहे, तिचं चुकत नाही. इथे हात उचलला तर पुढे कुठेतरी, कधीतरी, शेकडो माणसं वाचतील. हात टेकवला तर ही वीस-पंचवीस वाचतील आणि मला न दिसणाऱ्या गोद्यांतून हिरवी जहाजं निघत राहतील, प्रत्येकात कोणाचा तरी हृषी. मी पंजा पत्र्यापासून चार बोटांवर धरून बराच वेळ उभा राहिलो. हात भरून आला. एकदा एका मुलाला मी मोठ्या दिमाखात नाही म्हटलं होतं. पुन्हा म्हणणं माझ्याच्यानं झालं नाही.

मी हात टेकवला. गार होता पत्रा.

अर्ध्या तासानं पारखी तिथवर आली आणि तिनं भोंगा वाजवला. साहेबांबरोबर परदेशी पाहुणे होते, तिसाव्या की एकतिसाव्या गोदीचे. त्यांनी पडद्यावरचा लाल डाग पाहिला, कापलेला पत्रा पाहिला, एकमेकांकडे बघून माना डोलावल्या. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि पाहुण्यांना सांगितलं की हे आमचे मेथरमामा, पारखीचे गुरू, आता फक्त तेल पुसतात. सगळे हसले. मीही हसलो.

ते गेल्यावर मी चिंधी खिशात घातली. हात पुसला नाही. पुढचा पत्रा बाकी होता.